भट्टीच्या भिंतीपासूनचं अंतर

२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

तीन वर्षांतलं हे पहिलंच पत्र. त्यामुळे आधी तब्येतपाणी विचारायला हवं. ते विचारलं असं समजा. पुतणीला आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुमची जाऊ गुडघा दुखतो म्हणते आणि दिवसातून दहादा जिना चढते.

आता कामाचं. तुमच्याकडे चुरगळीचं बी शिल्लक असेल तर थोडं हवं होतं. तीस दाणे पुरेत, चाळीस मिळाले तर उत्तम. बी कोणत्या वर्षाचं ते पाकिटावर लिहा. दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही लिहा. जुन्या बियांची तुलना ताज्या बियांशी करणं हा सरळ अन्याय आहे, आणि तसला अन्याय मी माझ्या वहीत कधी होऊ दिलेला नाही.

बीजमंडळाच्या यादीत सध्या टोमॅटोच्या सहा जुन्या जाती आहेत: पहिलवान, जावई, काळुंद्री, घंटा, पट्टेवाला आणि गोटी. तुम्ही होतात तेव्हा चुरगळी धरून सात होत्या. रोपांच्या जोमाची तुलना यंदाही चालू आहे. पद्धत तीच. प्रत्येक जातीचे तीस दाणे, अर्धा सेंटिमीटर खोल, पाणी मापाने, रोज सकाळी सात वाजता नोंद. एकविसाव्या दिवशी पहिल्या खोट्या पानांच्या खाली खोडाची जाडी व्हर्नियरने घ्यायची, मग खरी पानं मोजायची, आणि उंची सगळ्यात शेवटी. लोक उंचीला भुलतात. उंच रोप म्हणजे जोमदार रोप नव्हे. बऱ्याचदा ते बिचारं नुसतं उजेड शोधत असतं.

मंडळात नव्याने आलेले लोक विचारतात, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही, असं मी सांगतो. शटल आणि सुई यांच्यात किती फट हवी हे ज्याला डोळ्यांनी कळतं त्याला रोपाचं खोडही कळतं.

बी कशाला हवंय म्हणाल, तर नोंद पूर्ण व्हावी म्हणून. बाकी काही नाही.

तुमचा,
धाकटा दीर

१३ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. ‘बी आहे. कशाला हवंय?’ एवढ्या चार शब्दांसाठी तुम्ही आख्खं कार्ड खर्चलंत. त्याखाली उरलेल्या कोऱ्या जागेकडे तुमची जाऊ दोन दिवस बघत होती. शेवटी म्हणाली, “एवढ्या जागेत ताईंनी काय काय नाही लिहिलं बघा!”

सांगतो. यंदा एक गंमत झाली.

माझी रोपांची खोली तुम्हाला आठवत असेल. खिडकी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूची भिंत बेकरीला लागून. त्या भिंतीपासून दारापर्यंत लांब फळी, फळीवर ओळीने ट्रे. अठरा जानेवारीला मी सहाही जाती पेरल्या. पहिलवान पाचव्या दिवशी उगवतो, दरवर्षी उगवतो, त्यात इकडचं तिकडे नाही. यंदा पाचवा दिवस गेला, सातवा गेला, नववा गेला. माती आहे तशी. मी पाणी बदललं, झाकण बदललं, बी उकरून पाहिलं. दहाव्या दिवशी घंटा आणि काळुंद्रीने डोकं काढलं. बाराव्या दिवशी गोटीने. गोटी, जी फळीच्या दाराकडच्या टोकाला असते आणि हल्ली कायम सगळ्यात शेवटी येते! आणि पहिलवान तेराव्या दिवशी, तोही तिसातले एकोणीस.

त्याच दिवशी ब्रेड आणायला गेलो तर बेकरी बंद. बेकरीवाला दारात विटांच्या ढिगाऱ्यावर बसला होता. भट्टीच्या आतल्या विटा निखळल्या म्हणून सतरा तारखेपासून भट्टी थंड.

मी म्हणालो, “मला आधी सांगायचं होतंत. माझा पहिलवान उगवेना!”

तो म्हणाला, “म्हणजे आजवर तुमचा पहिलवान माझ्या लाकडांवर पोसला जात होता म्हणायचं. खुराकाचे पैसे तरी पाठवत जा त्याच्या नावाने.”

तिथे मी हसलो. घरी येईपर्यंत हसू गेलं होतं. चार तारखेला भट्टी पुन्हा पेटली तेव्हा मी सात थर्मामीटर घेऊन (सातही एकमेकांशी ताडून) फळीवर सातही जागी ठेवले. भिंतीजवळची पहिली जागा: अठ्ठावीस अंश. दाराजवळची सातवी: अठरा.

दहा अंशांचा फरक, साडेतीन मीटरमध्ये. हा संशय बेकरीतून परततानाच आला होता, म्हणून चुरगळीही एकदा पुन्हा पेरून बघावी असं वाटलं. एवढीच गंमत.

बी पाठवाल ना?

तुमचा दीर

२४ फेब्रुवारी

वहिनी,

माझंच पत्र लाल शाईने तपासून परत पाठवणारी माणसं जगात फार नसतील. तीस वर्षं शाळेत शिकवलंत ते अंगातून जात नाही. ‘एवढीच गंमत’ याच्याखाली दोन रेघा आणि समासात ‘मुद्दा टाळला आहे’. शेवटी ‘दहापैकी चार’. ते चार कशाचे, असं मी तुमच्या जावेला विचारलं. म्हणाली, “थर्मामीटरचे असतील. बाकी पत्रात दुसरं काय आहे?”

मुद्दा लिहितो. खुर्ची ओढून बसलोय आणि पेन नवं घेतलंय.

पहिल्या वर्षी पहिलवानाचा ट्रे मी भिंतीजवळ ठेवला, कारण तो माझा आणि हाताशी होता. बाकीच्या जाती मंडळातून जशा आल्या तशा ओळीत गेल्या. चुरगळीचं बी सगळ्यात शेवटी आलं. दादा तेव्हा इस्पितळात होता, आणि तुम्ही त्याचा डबा पोचवून परस्पर माझ्याकडे बी द्यायला आला होतात. पायात चप्पल वेगवेगळी होती, मला आठवतं. तेव्हा फळीवर फक्त दाराजवळची सातवी जागा उरली होती.

त्या वर्षी पहिलवान पहिला आला आणि चुरगळी शेवटची. पुढच्या वर्षी मी ट्रे लावले ते मागच्या वर्षीच्या क्रमाने. पहिला आलेला पहिल्या जागी, सातवी आलेली सातव्या जागी. मला ते नीटनेटकं वाटलं. वहीतला क्रम आणि फळीवरचा क्रम एकच, म्हणजे नोंदीत घोळ नको. असं चार वर्षं. चार वर्षं निकाल तंतोतंत तोच आला, आणि निकाल दरवर्षी सारखाच येतो म्हणजे पद्धत पक्की आहे असं मी मंडळात सांगत होतो. तुमची जाऊ परवा म्हणाली, “हुशार पोरांना पंख्याखाली बसवायचं, बाकीच्यांना दारात, आणि वर म्हणायचं दारातली ढ आहेत.”  

आता ती बैठक. चौथ्या वर्षीची. मी तक्ता वाचला, आणि छापील पत्रकात ओळ टाकली होती तीही वाचली: ‘चुरगळी: रोपांना जोम नाही. यादीतून वगळली.’ चौदा माणसं बसली होती. तुम्ही हात वर केलात, शाळेत करतात तसा, आणि म्हणालात, “भावोजी, तिचा ट्रे एकदा पहिल्या जागी ठेवून बघा.” एवढंच म्हणालात.

आणि मी म्हणालो, “वहिनी, हा मोजमापाचा विषय आहे, मायेचा नाही.”

दोघंतिघं हसले. दादाला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. चुरगळी त्याची होती. गच्चीवर तो तिच्याशी बोलायचा हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही पिशवी उचललीत आणि गेलात. पंधरा दिवसांनी पुतणीकडे राहायला गेलात. ‘वहिनींना लेकीकडे करमतं’ असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगतो आहे. घरात ते कधी चाललं नाही.

तुम्ही सांगितलेली गोष्ट करून बघायला मला ट्रे उचलून साडेतीन मीटर चालायचं होतं. मी चाललो नाही. चूक फळीची नाही, भट्टीची नाही. माझी आहे.

पहिल्या पत्रात ‘अन्याय वहीत कधी होऊ दिला नाही’ असं लिहिलंय. त्यावर तुम्ही लाल रेघ मारली नाहीत. ती राहून गेली असेल तर आता मारा.

बी द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्याकडे चुरगळीचा एक दाणाही नाही. यादीतून काढली तेव्हा उरलेलं बी मी मंडळाच्या नियमाप्रमाणे टाकून दिलं. आज तुमच्याकडे आहे तेवढंच. म्हणून विचारतोय.

धाकटा

२० मार्च

वहिनी, नमस्कार.

तुमच्या अटीप्रमाणे सहाही जातींचं बी तुम्हाला पाठवलं, आणि चौदा तारखेला तुमची सात पाकिटं आली. पाकिटांवर नुसते आकडे. कोणत्या आकड्याला कोणती जात ते फक्त तुम्हाला ठाऊक. ही कल्पना मला सुचायला हवी होती. नाही सुचली. चुरगळीचे जास्तीचे दहा दाणे वेगळ्या पुडीत दिलेत, तेही मिळाले. गेल्या वर्षीचं बी आहे हे वाचून बरं वाटलं. तिकडे गॅलरीत दर वर्षी चार कुंड्या लावत होतात तर!

पंधराला पेरणी केली. फळी काढून टाकली. खोलीच्या मधोमध टेबल, त्यावर सात ट्रे गोलात, रोज सकाळी प्रत्येक ट्रे एक जागा पुढे. तापमान सगळीकडे चोवीस, अर्ध्या अंशाच्या आत. बेकरीवाला बघायला आला होता. त्याने तो गोल पाहून विचारलं, “काय, संगीत खुर्ची?” त्याला बाहेर काढलं, पण उपमा चुकीची नाही.

आज पाचवा दिवस. चौथा आकडा काल उगवला, पहिला आणि सहावा आज. मी रोज ओळखायचा प्रयत्न करतो आणि रोज हरतो. एवढी मजा मला या खोलीत पूर्वी कधी आली नव्हती. आधी सगळं माहीत असायचं.

एक कबुली. खरी पानं आली की काही जाती मला ओळखू येणार. जावयाचं पान बटाट्यासारखं रुंद असतं, ते लपणार नाही. म्हणून एकविसाव्या दिवसाची मापं तुमची जाऊ घेणार आणि मी पाठ फिरवून नुसते आकडे उतरवणार. व्हर्नियर कसा धरायचा ते तिला शिकवतोय. काल तिने सरावाला माझा अंगठा मोजला आणि म्हणाली, “बावीस मिलिमीटर. जोम बरा आहे.” मुलाच्या लग्नात हसली नव्हती एवढी हसत होती.

तुमचा दीर

१२ एप्रिल

वहिनी,

तुमची किल्ली, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणती जात ती यादी, काल आली. मी पाकीट फोडलं नाही. जेवण होईपर्यंत टेबलावर ठेवलं. शेवटी तुमच्या जावेनेच फोडून वाचलं, एकेक आकडा सावकाश, बक्षीससमारंभात नावं पुकारतात तशी.

चौथा आकडा: घंटा. खोड ३.१ मिलिमीटर. पहिली.
पहिला आकडा: काळुंद्री. ३.०.
सहावा: जावई. २.९.
तिसरा: चुरगळी. २.८, तिसातले अठ्ठावीस दाणे उगवले.
दुसरा: पहिलवान. २.६.
त्याच्या मागे पट्टेवाला, मग गोटी.

म्हणजे चुरगळी चौथी. पहिली नाही. तुम्हाला खूश करायला मी ती पहिली लिहिणार नाही, आणि लिहिली तर तुम्हीच पत्र परत पाठवाल. चौथी, पण पहिलवानाच्या पुढे. माझा पहिलवान समान ऊब मिळाल्यावर सातात पाचवा आहे. इतकी वर्षं तो माझ्या शेजाऱ्याच्या भट्टीच्या जिवावर छाती काढून उभा होता. मी पाठमोरा बसून २.६ लिहिलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं ते कोणाचं आहे. मनात म्हटलं, बिचारं कोण आहे कोण जाणे.

इथे पत्र संपवणार होतो, पण सवयीने जुन्या वह्या काढल्या. मला एक गोष्ट बघायची होती.

यंदा जानेवारीत भट्टी थंड असताना सगळी खोली अठरा अंशांवर होती. त्या थंडीत घंटा आणि काळुंद्री दहाव्या दिवशी उगवल्या, जावई अकराव्या, पट्टेवाला आणि गोटी बाराव्या, पहिलवान तेराव्या. आता सातवी जागा बघा. दाराजवळ, भट्टी चालू असतानाही अठराच अंश. तिथे चुरगळी चार वर्षं कितव्या दिवशी उगवत होती? माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईने लिहिलंय: आठव्या, आठव्या, नवव्या, आठव्या.

थंडीत तिच्याइतकी चट उगवणारी दुसरी जात माझ्या वहीत नाही. चार वेळा मी ते सकाळी सात वाजता स्वतः लिहिलं आणि प्रत्येक वेळी पुढे शेरा मारला: ‘उशीर’.

पण वर्षं वेगळी, बी वेगळं. हा पुरावा नाही, फक्त खूण आहे. म्हणून तुमच्या पुडीतले ते दहा दाणे आणि बाकी सहांचे दहा दहा आज सकाळी मागच्या कोठीत पेरले. तिथे सगळीकडे अठरा आहे. पुन्हा आकडे, यावेळी तुमच्या जावेने घातलेले, आणि ती मला सांगत नाहीये. काय मिजास आली आहे तिला!

पंचवीस तारखेला मंडळाची बैठक आहे. त्याच दिवशी वर्षाची यादी पक्की होते. चुरगळी त्या दिवशी यादीत गेली नाही तर आणखी एक वर्ष ती फक्त तुमच्या गॅलरीतल्या चार कुंड्यांत. मी बोलणार आहे. काय बोलायचं ते लिहून काढलंय, तीनदा खोडलंय.

धाकटा

२७ एप्रिल

वहिनी, नमस्कार.

आधी आकडे. कोठीतल्या थंडीत आठव्या दिवशी चुरगळी दहापैकी सहा, नवव्या दिवशी आठ. नवव्या दिवशी बाकी सगळ्या जाती मिळून एक. पहिलवान तेव्हा अजून मातीखाली विचार करत होता.

आता बैठक. चौदाच्या चौदा आले होते आणि बेकरीवालाही आला, कारण त्याच्या भट्टीचं नाव निघणार हे त्याला कळलं होतं. मी उभा राहिलो. लिहून नेलेला कागद खिशातच राहिला. तीन वर्षांपूर्वी मी काय वाचलं, तुम्ही काय म्हणालात आणि मी त्यावर काय म्हणालो ते सगळं सांगितलं, शब्द न बदलता. तेव्हा हसलेल्यांपैकी दोघं समोरच होते. यावेळी कुणी हसलं नाही. मग दोन्ही तक्ते वाचले.

अध्यक्षबाई, आपल्या दातांच्या डॉक्टर, इतिवृत्त लिहीत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “चूक कोणाची लिहू? मांडणीची लिहू का?”

बेकरीवाला मागून म्हणाला, “भट्टीची लिहू नका, बाई. गिऱ्हाईक बिचकेल.”

मी म्हणालो, “मांडणी करणाऱ्याची लिहा. माझी.”

त्यांनी लिहिलं. पेनाचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणाल्या, “बरं, आता तोंड मिटा आणि बसा,” आणि लगेच स्वतःच हसल्या, कारण हे वाक्य दिवसभरात त्यांना उलटं म्हणायची सवय आहे. मग सगळेच हसले, मीसुद्धा. खुर्चीवर बसताना अंगातून काहीतरी जड उतरल्यासारखं झालं. काय ते मला नीट मोजता येणार नाही.

यादीतली ओळ अशी आहे: ‘चुरगळी. उबेत मध्यम. थंड खोलीत सर्वांत आधी उगवते.’ मध्यम हा शब्द मी घातला. अध्यक्षबाई काढा म्हणत होत्या, मी काढू दिला नाही. तुम्हालाही पटेल.

रोपं कुणाला हवीत विचारलं तर अकरा हात वर झाले. बहुतेकांची घरं थंड आहेत, आणि आजवर ते सगळे पहिलवान लावून माझ्या नावाने खडे फोडत होते, हे मला परवाच कळलं. अठ्ठावीस रोपांतली वीस दिली, आठ आमच्या गच्चीवर लावली. मोठ्या कुंड्या, पाठीला भिंत, भट्टीची नव्हे. तुमची जाऊ सकाळी चहाचा कप घेऊन तिथे बसते. काल तिचं बोलणं ऐकू आलं. गच्चीवर तर दुसरं कुणी नव्हतं.

शेवटचं, आणि हे मंडळात सांगितलेलं नाही. यादीत राहायचं तर पुढच्या वर्षाचं बी आपल्याला धरावं लागेल. टोमॅटोचा गर पाण्यात आंबवून बी सोडवायचं मी माझं माझं शिकलो: तीन दिवस, रोज दोनदा ढवळणं. बाकी सहा जातींना ते चालतं. दादा इस्पितळात होता त्याच वर्षी मी त्याच्या नकळत चुरगळीचंही बी धरून पाहिलं होतं. तिसातले अकरा उगवले. मी कुणाला बोललो नाही आणि दोष तिच्यावर ढकलला. तुम्ही धरलेल्या बियांतले अठ्ठावीस उगवतात. किती दिवस ठेवता, पाणी घालता की नाही, हाताला काय लागलं म्हणजे झालं असं समजता, यातलं मला काहीही माहीत नाही. पत्रातून कळेल असंही वाटत नाही.

फळं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पिकतील. मधली खोली रिकामी आहे.

हे काम मला येत नाही, वहिनी. शिकवायला याल का?

धाकटा